दिवस मावळायच्या आधीचं जेवण

बेळगावला जाऊन आले म्हटलं की आमच्या पुण्यात पहिला प्रश्न येतो, कुंदा आणलास का. आणला होता, आणि तो वाटून संपलाही. त्याखेरीज जे घेऊन आले ते डब्यात घालून कुणाला देता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझा धंदा आवाजाचा. माहितीपटांसाठी मी आवाज टिपते. कानाला हेडफोन लावून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर बसायचं आणि आतून कुकरची शिट्टी आली की त्या माणसाला ऐन रंगात थांबवायचं. घरोघरी पंखे बंद करायला लावणारी बाई अशी माझी ख्याती आहे. हल्ली कामं कमी झाली आहेत. अशात येळ्ळूरजवळच्या एका गावातल्या मराठी हायस्कूलमधून चौगुले सरांचा फोन आला. सर चित्रकला शिकवतात. नववीच्या मुलांना माहितीपट करायला शिकवाल का, आठवडाभर, राहायची सोय आमच्याच घरी. कॅमेरा नाही, पण मोबाईल आहेत. मी लगेच हो म्हटलं. घरात तसंही वाट बघणारं कुणी नसतं.

येळ्ळूरच्या बाजूला

कागल ओलांडलं की मोबाईलवर कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज येतो आणि दुकानांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरं वर चढतात. बाकी ऊस तोच, ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या त्याच आणि टपरीवर चहा मागायची तऱ्हाही तीच. मी पोचले तेव्हा भाताची कापणी उरकली होती. सरांच्या घरी पहिल्याच जेवणात इथला बासमती समोर आला. आमच्याकडे बासमती म्हणजे लग्नाच्या पंगतीतला लांब दाणा. इथे त्याचा वास चप्पल काढायच्या आधीच दारात भेटला. सोबत साधी आमटी. सुनीतावहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, भातावर तूप घालताना हात आखडत नाहीत, आणि नको म्हणणं हा प्रकार त्यांना ऐकू येत नाही.

या गावात रस्त्यावर भेटलेला कोणीही माणूस, वेळ कोणतीही असो, 'जेवलासा?' असं विचारतो. पुण्यात दुपारी दीड वाजता मी शेजाऱ्यांना असं विचारलं, तर ही आता आत येऊन बसते की काय अशा काळजीनं ते दार थोडं लोटून घेतील. पहिले दोन दिवस मी खरंखुरं उत्तर देत होते, काय जेवले तेसुद्धा सांगत होते. नंतर कळलं की नुसतं 'व्हय, तुमी?' म्हणून पुढे चालायचं असतं.

वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना डोळे मिटून बसवलं आणि काय काय ऐकू येतं ते सांगायला लावलं. विहिरीवरची मोटर, पिठाची गिरण, शेजारच्या वर्गातला कन्नडचा तास, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. मग एकच नियम सांगितला, की समोरच्याला सांगितल्याशिवाय त्याचा आवाज घ्यायचा नाही. बाकी तुम्ही काय वाटेल ते करा.

दुसऱ्या दिवशी त्यांना गावात सोडलं आणि संध्याकाळी फळ्यावर चादर टांगून सगळ्यांनी आणलेलं बघायला बसलो. पहिल्या फिल्ममध्ये ओमकारचे चुलते होते. आपल्या भाताला एवढा वास कशानं येतो, असं ओमकारनं त्यांना विचारलं. काकांनी टोपी सरळ केली, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "आमच्यावर लई वर्षं अन्याय झालेला हाय, आणि न्याय मिळाल्याबगर आमी गप बसणार न्हाय." दुसऱ्या फिल्ममध्ये एक बाई म्हशीची धार काढत होत्या. त्याही तेच म्हणाल्या. तिसऱ्यात गवंडी, त्याचंही तेच. चौथ्यात कानानं कमी ऐकणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी तर प्रश्न संपायची वाटच पाहिली नाही. सगळं म्हणून वर मूठ उचलून घोषणाही दिली. मला हसू आवरेना. मुलं मात्र हिरमुसली होती.

चौगुले सरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. या गावात कॅमेरा येतो तो सीमाप्रश्न पेटला की. तो येतो, एवढंच विचारतो, दहा मिनिटांत निघून जातो. भाताबद्दल, म्हशीबद्दल इथे कॅमेरा घेऊन कधी कुणी विचारलंच नाही. म्हणून पाहुण्यांसाठी कपबशा वेगळ्या ठेवाव्यात तसं ते बोलणं प्रत्येकानं तयार ठेवलंय. सर हे सांगताना हसत नव्हते, त्यामुळे मीही थांबले. बोलणं खोटं नव्हतंच. फक्त ते सुरू झालं की बोलणारा माणूस दिसेनासा व्हायचा.

शेवटची फिल्म मयुरीची होती. मयुरी म्हणजे दोन घट्ट वेण्यांची, कमी बोलणारी मुलगी. तिचे आजोबा परशराम. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. सभांमधून भाषण करावं तर आप्पांनीच. गावाला ते बोलणं शिकवलं असेल तर बहुतेक त्यांनीच. आवाज घोगरा झालेला, पण अजून भरदार. जाकीट घालून, खुर्चीत ताठ बसून त्यांनी न अडखळता मोठं भाषण केलं. शेवटी कॅमेऱ्यामागून मयुरीचा बारीक आवाज आला, आप्पा, एकदा मला हाक मारा की. आप्पांनी लेन्समध्ये रोखून बघितलं आणि म्हणाले, "कुमारी मयुरी."

वर्ग हसून लोळला. मयुरी उठून बाहेर गेली.

ती व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. हळूहळू तिनं सांगितलं. आप्पांच्या घशात गाठ आहे. येत्या सोमवारी बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन, आणि त्यात आवाजाची पेटीच काढून टाकणार आहेत. माणूस राहील, आवाज राहणार नाही. "भाषणं समद्यांच्या मोबाईलवर हाईत, मॅडम," ती म्हणाली. "मला आप्पा घरात बोलत्यात तसं पायजे."

तिला काय म्हणायचंय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विनय, माझा नवरा, कॅमेरा करायचा आणि मी आवाज. तो गेल्यावर मी आमच्या सगळ्या कामातून त्याचा आवाज शोधला. तो होता. प्रत्येक शॉटच्या आधी तो विचारतो, "आवाज चालू?" आणि मी म्हणते, "चालू." बास, एवढंच. कामाचा विनय माझ्याकडे शेकडो वेळा आहे, चहा उकळताना उगाच काहीतरी बडबडणारा एकदाही नाही. त्या बडबडीसाठी मी आजही काय वाटेल ते देईन.

पुढचे दोन दिवस वर्ग सुटला की मी मयुरीबरोबर आप्पांच्या घरी जात होते. आप्पा मोठ्या प्रेमानं बसवायचे, चहा द्यायला लावायचे, गप्पा मारायचे. मोबाईल वर गेला की आत जाऊन जाकीट घालून यायचे. मोबाईल लपवून घ्यायचा मोह झाला, पण नियम मीच सांगितला होता. शेवटी आप्पाच म्हणाले, दवाखान्यात जायच्या आधी मला एकदा निपाणीकडं माझ्या दोस्ताला, बाळगोंडाला भेटायचंय. तुमी येत असला तर या, कॅमेरा घेऊन या.

घाटाखाली

तवंदी घाट उतरला की निपाणी. सरांच्या गाडीतून आप्पा, मयुरी, ओमकार आणि मी, असे दुपारी उशिरा बाळगोंडा अण्णांच्या मळ्यावर पोचलो आणि तिथे माझ्या लक्षात आलं की मोबाईलचा स्टँड सुनीतावहिनींच्या सोफ्यावर राहिलाय. इतकी वर्षं इतरांना शिस्त शिकवणाऱ्या बाईची ही तऱ्हा. ओमकारनं सरांचा टॉवेल घेतला आणि मोबाईल एका खुर्चीच्या पाठीला बांधून टाकला. दात दुखतो म्हणून गाल बांधलेल्या माणसासारखं ते दिसत होतं, पण हलत नव्हतं.

गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतून चढणारी वाफ, चिपाडांचा धूर आणि त्या सगळ्यावर गोड, जडसा वास. बाळगोंडा अण्णा किडकिडीत, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले. जैन शेतकरी कुटुंब. आमच्याशी मराठी, घरात सुनेशी कन्नड, एकाच दमात दोन्ही. त्यांनी गरम गूळ केळीच्या पानावर घालून दिला आणि मी जीभ भाजून घेतली. आप्पा तरुणपणी सुगी झाली की इथे गुऱ्हाळावर कामाला यायचे, हे मला तिथेच कळलं. अण्णांची आई, म्हणजे अव्वा, फक्त कन्नड बोलायची. तिनं या मराठी पोराला आपल्या मुलाशेजारी पाट मांडून कैक हंगाम जेवायला घातलं, आणि वाढता वाढता भाषा शिकवली. घास कन्नडमधून मागितला तरच मिळायचा, असं अण्णा सांगत होते. आप्पा नुसते मान डोलवत होते.

मी कट्ट्यावर बाज टाकून घेतली. ऊन उतरायला लागलं होतं आणि थोड्याच वेळात ते अगदी हवं तसं पडणार होतं. आप्पांच्या कॉलरला छोटा बिनतारी माईक लावला, माझा रेकॉर्डर आणि खुर्चीवरचा मोबाईल चालू केला, दोघा मित्रांना बाजेवर बसवलं. आप्पांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली. आता भाषण येणार हे ओळखून मयुरीनं माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात अण्णांच्या सूनबाई बाहेर आल्या आणि वाढलंय, चला म्हणाल्या. मी म्हटलं, जरा ऊन आहे तोवर एवढं उरकू दे, मग जेवू. त्या गोड हसून म्हणाल्या की दिवस मावळल्यावर या घरात कुणी जेवत नाही आणि पाहुणा उपाशी परत पाठवायची रीत नाही, तेव्हा ऊन आहे तोवरच उठायला हवं. मी पुष्कळ पंखे बंद केले आहेत, पण सूर्यापुढे माझं काय चालणार. दोघे म्हातारे उठून आत गेले. सर आणि ओमकारही गेले. मयुरी आणि मी दुसऱ्या पंगतीला बसतो म्हणून बाहेर राहिलो.

खुर्चीवरचा मोबाईल रिकाम्या बाजेचं चित्र घेत राहिला. मी सवयीनं हेडफोन कानाला लावले, आणि कानात आप्पा बोलायला लागले. माईक त्यांच्या कॉलरलाच राहिला होता.

ते कन्नडमधून बोलत होते. एक शब्द मला कळत नव्हता. पण हा आवाज मी त्या आठवड्यात ऐकलाच नव्हता. भाकरी मोडल्याचा आवाज, अण्णांचं खुसखुसणं, मग आप्पांचं हसणं, लहान पोरं पोट धरून हसतात तसं. नंतर आवाज खाली आला, सावकाश झाला. एकच शब्द परत परत येत होता, अंजिकी. आयुष्यभर मी लोकांचे आवाज ऐकले, पण इतका उघडा आवाज फार थोड्यांचा ऐकलाय. मी तेव्हाच आत जाऊन माईक काढायला हवा होता. मी जागची हलले नाही. उलट हेडफोन काढून मयुरीच्या कानाला लावले, तिला जे हवं होतं तेच हे, म्हणून.

मयुरी पहिल्यांदा हसली. मग तिचा चेहरा बदलत गेला. शाळेत ती कन्नड शिकते. तिला सगळं कळत होतं.

"अंजिकी म्हंजे भ्या. भ्या वाटतंय म्हणत्यात," ती म्हणाली. "आवाज गेल्यावर मी कोण, असं म्हणत्यात. घरात सांगितलं न्हाय, पोरगी रडंल म्हणून."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तसंच वाहत असताना तिनं हात लांब करून रेकॉर्डर बंद केला. मी म्हटलं, अगं असू दे, हेच तर तुला हवं होतं. तिनं मान हलवली. "त्यास्नी आपण सांगितलं न्हाय, मॅडम."

दुसरी पंगत बसली तेव्हा ऊन कौलांपर्यंत चढलं होतं. कांदा-लसणाशिवायचं भरलं वांगं, मऊ भाकरी, शेंगांची चटणी, कवडीचं दही आणि ताजा गूळ. सूनबाई दाराबाहेरच्या उजेडाकडे बघत भराभर वाढत होत्या आणि आम्ही भराभर जेवत होतो. एवढं चवीचं जेवण मी इतक्या घाईनं कधी खाल्लं नव्हतं. मयुरीनं भाकरी कुस्करून ठेवली आणि तशीच बसून राहिली. बाहेर आलो तर बाजेवर अंधार उतरला होता.

पुन्हा गावात

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आप्पांना सगळं सांगितलं. मी सोबत होते. चूक माझीही होती, तेही सांगितलं. आप्पा रागावले नाहीत. ऐकवा म्हणाले. टोपी काढून त्यांनी हेडफोन लावले आणि अंगणात भिंतीला टेकून पूर्ण ऐकलं. मध्ये एकदा ते हसले, बहुधा जिथे आधी हसले होते तिथेच. संपल्यावर मयुरीनं विचारलं, ठेवू का पुसू.

आप्पांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले. मग म्हणाले, "ह्ये तुझं, ठेव. पर गावात लावू नको." आणि उठून गोठ्याकडे गेले.

शनिवारी शाळेत फिल्म दाखवायच्या होत्या. पालक आले होते, बरेचसे थेट शेतातून. माझी बॅग भरून सरांच्या गाडीत ठेवली होती. कार्यक्रम संपला की मी निघणार होते. मुलांनी यावेळी फार चांगलं काम केलं होतं. कॅमेरा घेऊन ती नुसती शेजारी बसून राहिली होती, समोरचा माणूस ते ठरलेलं बोलून रिकामा होईपर्यंत. आणि मग भाताबद्दल विचारलं होतं. ओमकारचे काका चक्क वासाबद्दल बोलले. लोक आपल्याच माणसांना चादरीवर बघून लाजत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आप्पा पहिल्या रांगेत, जाकीट घालून बसले होते.

मयुरीची फिल्म शेवटी लागली. कट्ट्यावरची रिकामी बाज. तिच्यावर उतरत जाणारं ऊन. आवाज तिनं पूर्ण काढून टाकला होता. माझ्यासारखीला आवाज नसलेली फिल्म सोसत नाही, पण मला नजर काढता येईना. मागून कुणीतरी म्हणालं, आवाज गेला की रं. चौगुले सर स्पीकरची वायर बघायला उठले. चादरीवर ऊन बाजेवरून सरकलं, बाज राखाडी झाली आणि फिल्म संपली. कुणाला टाळी वाजवावी की नाही ते कळेना.

आप्पा उभे राहिले आणि लोकांकडे वळले. "बंधू आणि भगिनींनो," त्यांनी सभेतल्या आवाजात सुरुवात केली, आणि थांबले. त्यांनी जाकिटाचं वरचं बटण काढलं. पुन्हा बोलले तेव्हा आवाज निराळा होता, मी हेडफोनमध्ये ऐकलेला.

"त्या बाजंवर मी न्हाय, कारण मी आत जेवाय बसलोतो. आत मी बाळूला सांगत होतो की मला भ्या वाटतंय. कानडीतनं सांगत होतो. त्याच्या आईनं शिकवलेली हाय मला, जेवाय घालून. घरात सांगाय जमलं न्हाय, म्हणून तिथं सांगितलं. आता सोमवारी आवाज जाणार. तुमच्याम्होरं लई बोललो, पर ह्ये कधी बोललो न्हवतो. मला भ्या वाटतंय. एवढंच." मग ते मयुरीकडे वळले आणि म्हणाले, "मयू, चल गं घराकडं. भूक लागलीया."

ती धावत जाऊन त्यांना बिलगली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आणि मी गाडीतल्या बॅगेत असलेल्या माझ्या रेकॉर्डरचा विचार करत बाकावर बसून राहिले. नंतर मी वेड्यासारखं सगळ्यांना विचारलं, कुणी काढलं का, मोबाईलवर, थोडं तरी. कुणीच काढलं नव्हतं. आप्पा उभे राहिले म्हणजे भाषण असणार, असं समजून एकानंही मोबाईल वर केला नव्हता.

परतीच्या वाटेवर निपाणी मागे पडली, तेव्हा गुऱ्हाळांचा धूर शेतांवर आडवा पसरला होता. गाडी थांबवून उतरावं असं मला फार वाटलं. उतरून करणार काय होते, ते मलाही माहीत नाही.

ऑपरेशन नीट झालं, असं मयुरीनं कळवलं. आप्पा घरी आले, भाताची पेज गिळायला लागले, हेही कळवलं. परवा दुपारी तिचा फोन आला. "आप्पांस्नी तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडून कुणी बोललं नाही. गळ्याला केलेल्या भोकातून येणारा-जाणारा श्वास तेवढा ऐकू येत होता, थोडा खरखरीत, संथ. मी उठून घरातला पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि फोन कानाशी घट्ट धरून बसले. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.